हेलियम आणि विजयदुर्ग

टिटवाळ्यात संकष्टीला चंद्रोदयाची वेळ आपण मिनिटापर्यंत पाहतो. मग तीस वर्षांची चूक कशी खपवून घेतो? १८ ऑगस्ट १८६८ला विजयदुर्गावरून ग्रहण पाहताना लॉकियरला हेलियम सापडला, असं सर्रास सांगतात. त्या दिवशी लॉकियर होता इंग्लंडमध्ये! ग्रहण पाहणारा जान्सेन गुंटूरला, पॉगसन मछलीपट्टणला, धाकटा हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला. लॉकियरनं सूर्याच्या कडेवरच्या प्रकाशात पिवळी रेषा पाहिली ती २० ऑक्टोबरला, तिकडूनच, ग्रहणाशिवाय. सोडियमच्या जोडरेषेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी. पृथ्वीवर हेलियम मिळाला रॅम्झेला, १८९५मध्ये.

मग विजयदुर्ग आला कुठून? लॉकियर तिथं खरंच उतरला होता, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. किल्ल्यावर साहेबाचे म्हणून दाखवतात ते ओटे आम्ही तरी त्याच मुक्कामाशी जोडू. आमच्या दर्शनांत आप्तवचन प्रमाण मानतात खरं, पण आप्त कोण हे आधी ठरवावं लागतं ना! आणि त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला उपकरणं मांडून बसले होते. हेलियमच्या गोष्टीत रंगलेल्या आम्हा मंडळींना ते दिसतच नाहीत.