गाडी ‘रिकॉल’ झाली म्हणजे काय? स्टेअरिंगमध्ये दोष निघाला तर मालकाने हे करावं

कंपनीने गाड्या परत मागवल्या, अशी बातमी आली की पारावर पहिला प्रश्न येतो : मग गाडी काढून घेणार का? तसं काही नसतं. गाडी मालकाचीच राहते. कारखान्यातून निघतानाच एखादा पार्ट सदोष बसलेला असेल, तर कंपनी ती ठरावीक गाडी वर्कशॉपला बोलावते आणि तो पार्ट फुकट तपासून किंवा बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात.

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या अशाच बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या स्टेअरिंग टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याची शक्यता होती. तो भाग क्वचित तुटू शकतो, असं कंपनीनेच सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अल्टो के-१० च्या २,५५५ गाड्यांच्या स्टेअरिंग गिअरबॉक्सबाबत तर पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, असा सल्ला दिला गेला.

टाय रॉड म्हणजे स्टेअरिंगचा हिसका चाकापर्यंत नेणारा दांडा. मोठ्या ट्रकला ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत ओढतो. हा सांधा सुटला तर ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो, पण चाक ऐकत नाही. ब्रेक कमी लागतोय हे बहुतेकदा आधी कळतं. इथे सावरायला वेळच मिळत नाही. ऊस, कांदा किंवा माणसं भरलेल्या गाडीत तर विचारायलाच नको.

स्टेअरिंगला जास्त प्ले येणं, वळताना खालून कटकट आवाज, गाडी एका बाजूला ओढणं, पुढचे टायर एकाच कडेने झिजणं, यातलं काही दिसलं तर गाडी उचलून खालून बघून घ्यावी. मात्र रिकॉलमधल्या गाडीत आधी काहीच जाणवेल असं नाही. आणि टाय रॉडला वेल्डिंग मारून काम भागवणं हा जिवाशी खेळ आहे, गॅरेजवाला कितीही ओळखीचा असो.

आपली गाडी यादीत आहे का, हे चासी नंबरवरून कळतं. आरसी बुकवरचा १७ अक्षर-अंकांचा हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकावा किंवा अधिकृत डीलरला दाखवावा. त्यात इंग्रजी ‘ओ’ अक्षर कधीच नसतं, गोल दिसतो तो शून्यच. इथे पुष्कळ जण चुकतात आणि ‘नंबर सापडत नाही’ म्हणून सोडून देतात.

खरी अडचण सेकंडहँड गाडीची. कंपनीचा फोन-मेसेज पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो. आपल्याकडे टेम्पो, पिकअप दोन-तीन हातांतून फिरतात, आणि नव्या मालकाला पत्ताच लागत नाही. त्यामुळे गाडी नावावर करून घ्यावी, आरटीओच्या नोंदीत आणि डीलरकडे स्वतःचा मोबाइल नंबर टाकून घ्यावा. गाडी कितव्याही हाताची असली तरी दोष कंपनीचाच. रिकॉलच्या कामाचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत. काम झाल्यावर जॉबकार्डची प्रत मात्र मागून घ्यावी, पुढे गाडी विकताना ती उपयोगी पडते.

पूर्वी हे सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आदेश निघाला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. ही तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. आदेश निघायला मालकांच्या तक्रारींची संख्या मोजली जाते, म्हणून गावातल्या दोघा-तिघांच्या एकाच मॉडेलला सारखाच बिघाड येत असेल तर प्रत्येकाने परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर वेगळी तक्रार नोंदवावी.

डीलर टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.