परसातील कोंबड्यांची कीटकनाशक विषबाधा

परसातील कोंबड्यांची कीटकनाशक विषबाधा म्हणजे घराभोवती मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या शरीरात शेती, गोठा किंवा धान्यसाठ्यासाठी वापरलेले कीटकनाशक अनवधानाने गेल्यामुळे उद्भवणारा आजार होय. कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके असलेल्या वर्धा जिल्ह्यासारख्या भागात घर, गोठा आणि शेत एकमेकांना लागून असल्याने असा धोका विशेषतः खरीप हंगामात संभवतो. काही कीटकनाशकांवर उतारा उपलब्ध आहे, काहींवर नाही. मात्र विषाचा स्रोत तत्काळ दूर करणे हा सर्व प्रकारांतील पहिला उपचार होय. बाधित कोंबडीचे मांस व अंडी कुटुंबाच्या आहारात गेल्यास विषबाधा माणसापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे हा प्रश्न पशुवैद्यकाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी व कारंजा हे आठ तालुके आहेत. जून महिन्यात पेरणी झाल्यानंतर साधारणतः जुलै ते नोव्हेंबर या काळात कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी व बोंडअळी यांच्या नियंत्रणासाठी फवारण्या केल्या जातात. याच काळात बियाणे, औषधांचे डबे, फवारणी पंप आणि द्रावण कालवण्याची भांडी घरात वा अंगणात असतात.

गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात. जमीन उकरून किडे, दाणे व खडे टिपणे हा त्यांचा स्वभाव असल्याने सांडलेले औषध त्यांच्या पोटात सहज जाते. अशा कोंबड्या बहुधा घरातील स्त्रियांच्या देखरेखीखाली असतात आणि अंड्यांची व पक्ष्यांची विक्री हा कुटुंबाचा हाताशी असलेला रोख पैसा असतो. चार-सहा कोंबड्यांचा कळप एका दिवसात दगावल्यास हा आधार तुटतो.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या घटनेनंतर विदर्भात कीटकनाशकांच्या सुरक्षित हाताळणीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

विषबाधेचे मार्ग

प्रक्रिया केलेले बियाणे: कपाशीचे व सोयाबीनचे बियाणे पेरणीपूर्वी कीटकनाशक वा बुरशीनाशक लावून रंगवलेले असते. पेरणीनंतर उरलेले किंवा अंगणात सांडलेले असे बियाणे कोंबड्या टिपतात.

दाणेदार कीटकनाशके: जमिनीत टाकावयाची दाणेदार औषधे कोंबड्यांना खड्यांसारखी भासतात. पचनासाठी खडे गिळण्याची सवय असल्याने त्या ती टिपतात. शेतकऱ्यांत ‘थिमेट’ या नावाने परिचित असलेले फोरेट हे याचे ठळक उदाहरण असून त्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात पडून राहिलेला जुना साठा मात्र धोकादायकच असतो.

फवारणीनंतरचे किडे व पाणी: फवारलेल्या पिकातील मेलेले वा गुंगलेले किडे खाल्ल्याने, तसेच पंप धुतलेले पाणी किंवा रिकाम्या डब्यात साचलेले पाणी प्यायल्याने विषबाधा होते.

गोचीडनाशकांचा गैरवापर: जनावरांच्या अंगावरील गोचिडांसाठी असलेली डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ यांसारखी औषधे कोंबड्यांच्या उवा-पिसवांसाठी अंदाजाने व घट्ट प्रमाणात वापरल्यास त्वचेवाटे, तसेच पिसे साफ करताना चोचीवाटे, औषध शरीरात जाते.

धान्यसाठा व उंदीर नियंत्रण: झिंक फॉस्फाइडचे आमिष आणि धान्य साठवताना वापरलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो.

विषाची क्रिया

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस व अॅसिफेट, तसेच कार्बामेट गटातील कार्बोफ्युरान व कार्बारिल ही द्रव्ये अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. परिणामी मज्जातंतूंच्या टोकांशी अॅसिटिलकोलिन साचत जाते, ग्रंथी व स्नायू सतत उत्तेजित राहतात आणि अखेरीस श्वसन बंद पडून मृत्यू येतो.

ही द्रव्ये निष्प्रभ करणारी काही विकरे पक्ष्यांच्या रक्तात सस्तन प्राण्यांच्या मानाने अत्यल्प असतात. त्यामुळे पक्षी या गटांना अधिक बळी पडतात. क्लोरपायरीफॉसची निम्मे प्राणी दगावतील अशी तोंडावाटे दिलेली मात्रा प्रयोगशाळेतील उंदरांत दर किलो वजनामागे सुमारे ९५ ते २७० मिलिग्रॅम, तर कोंबडीत सुमारे ३२ मिलिग्रॅम नोंदलेली आहे. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या सुमारास नाकतोड्यांसाठी फवारलेल्या मोनोक्रोटोफॉसमुळे हजारो ससाणावर्गीय शिकारी पक्षी मेले होते.

इतर गटांचे परिणाम भिन्न आहेत. पायरेथ्रॉइड गटातील औषधे पक्ष्यांना तुलनेने कमी विषारी असतात. फिप्रोनिल बदकांना फारसे बाधत नाही, परंतु कोंबडीच्या कुळातील पक्ष्यांना तीव्र विषारी ठरते. सोयाबीन बियाण्याला लावले जाणारे थायरम हे बुरशीनाशक सहसा तत्काळ मृत्यू आणत नाही. त्याने तलंगा व अंड्यावरील कोंबड्या मऊ कवचाची किंवा वेडीवाकडी अंडी घालू लागतात आणि पिलांच्या पायांच्या हाडांची वाढ बिघडते.

लक्षणे

ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट विषबाधेची लक्षणे काही मिनिटांपासून काही तासांत दिसतात. चोचीतून लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी येणे, पातळ हगवण, चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख गळणे, अंग थरथरणे, पायांतील बळ जाणे आणि झटके येणे ही त्यांची प्रमुख चिन्हे होत. फॉस्फाइडच्या विषबाधेत पक्षी अल्पावधीत मरतो व अन्नपुटातील (मानेच्या तळाशी असलेल्या दाण्याच्या पिशवीतील) अन्नाला लसणासारखा वास येऊ शकतो.

काही ऑर्गॅनोफॉस्फेट द्रव्यांमुळे पहिल्या आजारातून वाचलेल्या प्रौढ कोंबडीत एक ते तीन आठवड्यांनी पायांचा लुळेपणा उद्भवतो. याला विलंबित मज्जाविकार म्हणतात. प्रौढ कोंबडी या विकाराला विशेष संवेदनक्षम असल्याने नव्या द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षितता चाचण्यांत तिचाच प्रमाणित प्राणी म्हणून उपयोग करतात. लहान पिलांत हा विकार सहसा दिसत नाही.

निदान

एकाच वेळी अनेक कोंबड्या आजारी पडणे, त्याआधी एक-दोन दिवसांत फवारणी, पेरणी वा गोठ्यातील औषधोपचार झालेला असणे आणि मेलेल्या पक्ष्याच्या अन्नपुटात रंगीत बियाणे वा दाणेदार औषध आढळणे यांवरून विषबाधेचा संशय येतो. तथापि अकस्मात मरतुकीची इतरही कारणे आहेत. मानमोडी अर्थात राणीखेत रोगात मान वाकडी होते व हिरवट हगवण लागते. मरेक रोगात पाय लुळे पडतात. सडलेल्या मांसातील जीवाणूंच्या विषाने मान लोंबते. विदर्भातील मे महिन्याच्या उष्णतेत उष्माघातानेही कोंबड्या दगावतात.

बर्ड फ्लूची शक्यता नाकारता येत नाही तोवर मरतूक केवळ विषाने झाली असे गृहीत धरू नये. भारतातील या रोगाचा पहिला उद्रेक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये झाला होता. म्हणूनच मरतुकीची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे आवश्यक असते.

प्रयोगशाळेत मेंदूतील कोलिनेस्टरेजची पातळी मोजतात. तीत नेहमीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक घट विषाशी संपर्क आल्याचे, तर ५० टक्क्यांहून अधिक घट मृत्यूचे कारण तेच असल्याचे निदर्शक मानतात. तपासणीसाठी मृत पक्षी किंवा अन्नपुटातील अन्न, यकृत व मेंदू यांचे नमुने पशुवैद्यकामार्फत बर्फात ठेवून पाठवतात.

प्राथमिक उपचार

पशुवैद्यक उपलब्ध होईपर्यंत पुढील उपाय करता येतात.

१. निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांसह सर्व कोंबड्या संशयित जागेपासून हलवून बंदिस्त, हवेशीर व सावलीच्या जागी ठेवाव्यात. पूर्वीचे खाद्य व पाणी काढून टाकून स्वच्छ पाणी ठेवावे.

२. कोंबडी हाताळताना हातमोजे घालावेत. ते नसल्यास हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. लहान मुलांना दूर ठेवावे.

३. औषध अंगावर पडले असल्यास पिसे कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावीत आणि पक्षी लगेच कोरडा करून उबेत ठेवावा. पावसाळ्यात ओला पक्षी गारठ्यानेच दगावू शकतो.

४. झटके येत असलेल्या किंवा मान धरू न शकणाऱ्या कोंबडीला चोचीतून काहीही पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते.

५. तेल, तूप व दूध पाजू नये. स्निग्ध पदार्थांमुळे अनेक कीटकनाशके आतड्यांतून अधिक शोषली जातात.

६. औषधाचा डबा, पाकीट किंवा त्यावरील चिठ्ठी जपून ठेवून पशुवैद्यकाला दाखवावी. योग्य उतारा ठरवण्यासाठी औषधाचे रासायनिक नाव सर्वांत उपयोगी पडते.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. माणसाला बाधा झाल्याची शंका असल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे.

पशुवैद्यकीय उपचार

विष नुकतेच पोटात गेले असल्यास पशुवैद्यक अन्नपुट धुऊन काढतात किंवा लहानशा शस्त्रक्रियेने रिकामे करतात. त्यानंतर दर किलो वजनामागे १ ते ३ ग्रॅम सक्रिय कोळसा पाण्यात कालवून नळीने देतात. सक्रिय कोळसा विशेष प्रक्रियेने सच्छिद्र केलेला असतो; चुलीतील कोळसा वा राख त्याची जागा घेऊ शकत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट विषबाधेवर अॅट्रोपिन हा मुख्य उतारा आहे. पक्ष्यांत त्याची प्रचलित मात्रा दर किलो वजनामागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असून लाळ व श्वास यांवर लक्ष ठेवून ती पुन्हा देतात. अॅट्रोपिनने स्राव आटोक्यात येतात, मात्र स्नायूंची दुर्बलता जात नाही. त्यासाठी ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत प्रॅलिडॉक्सिम देतात. विष व विकर यांचा बंध कालांतराने पक्का होत असल्याने हे औषध पहिल्या दिवसातच गुणकारी ठरते. कार्बामेट विषबाधेत ते सहसा वापरत नाहीत. ही दोन्ही इंजेक्शने वजन मोजून पशुवैद्यकानेच द्यावयाची असतात, कारण अॅट्रोपिनच्या अतिमात्रेनेही पक्षी दगावतो.

पायरेथ्रॉइड, फिप्रोनिल व फॉस्फाइड यांवर विशिष्ट उतारा नाही. झटके थांबवणारी औषधे, शिरेवाटे वा त्वचेखाली द्रव आणि ऊब यांवर उपचारांचा भर राहतो. रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकांच्या विषबाधेत जीवनसत्त्व ‘के-१’ देतात. थायरमच्या बाबतीत दूषित दाणा बंद केल्यावर अंडी हळूहळू पूर्ववत होतात.

मांस, अंडी व मृत पक्षी

मरणपंथाला लागलेली कोंबडी वाया जाऊ नये म्हणून कापून खाणे ही या विषबाधेतील सर्वांत घातक चूक होय. शिजवल्याने विष नष्ट होईल याची खात्री नसते. अन्नपुट, पेषणी व यकृत यांत ते अधिक प्रमाणात असू शकते. असा पक्षी विकणे वा कुत्र्या-मांजरांना घालणेही तितकेच धोक्याचे आहे.

वाचलेल्या कोंबड्यांची अंडी पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत खाऊ नयेत, विकू नयेत व उबवण्यास ठेवू नयेत. काही द्रव्ये चरबीत साठून कित्येक आठवडे अंड्यांत उतरत राहतात. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये २०१७ साली कोंबड्यांच्या खुराड्यांत उवा-गोचीडवर्गीय किडींसाठी फिप्रोनिलचा बेकायदा वापर झाल्याने लाखो अंडी नष्ट करावी लागली होती.

मृत पक्षी विहीर, नाला व वस्तीपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. उघड्यावर टाकल्यास कावळे, कुत्रे व घारी यांनाही विषबाधा होते.

प्रतिबंध

कीटकनाशके अधिनियम, १९६८ अन्वये प्रत्येक वेष्टनावर विषारीपणा दर्शवणारा रंगीत चौकोन असतो. त्यातील तांबडा रंग अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा किंचित विषारी द्रव्य दर्शवतो. १९७१ च्या नियमांनुसार रिकाम्या वेष्टनांचा पुनर्वापर होणार नाही अशा रीतीने ती मोडून वस्तीपासून दूर पुरणे आवश्यक आहे.

घरगुती पातळीवर फवारणीच्या दिवशी व त्यानंतर काही दिवस कोंबड्या खुराड्यात ठेवणे, द्रावण अंगणात न कालवणे, पंप विहिरीजवळ वा कोंबड्यांच्या वावरात न धुणे, रंगवलेले उरलेले बियाणे कुलूपबंद ठेवणे आणि सांडलेले दाणे वेचून घेणे हे परिणामकारक उपाय आहेत. रिकाम्या डब्यांतून कोंबड्यांना पाणी वा दाणा कधीही देऊ नये. उवा-पिसवांसाठी लाकडाची कोरडी राख व बारीक माती यांचा खड्डा करून दिल्यास कोंबड्या त्यात लोळून अंग स्वच्छ ठेवतात. औषध लागल्यास ते कोंबड्यांसाठी मान्य असलेले व पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच वापरतात. पिकांवरील एकात्मिक कीड व्यवस्थापनाबाबत जिल्ह्यातील शेतकऱ्यांना सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडून मार्गदर्शन मिळते.

अंगणातील कोंबड्या एकाएकी आजारी पडणे ही बहुतेक वेळा घराच्या आवारात विष उघडे असल्याची खूण असते. त्याच अंगणात मुले खेळतात व धान्य वाळत घातले जाते. त्यामुळे पक्ष्यांवर उपचार करतानाच विषाचा स्रोत शोधून तो दूर करणे हे सर्व कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरते.