हेलसिंकी ते टोकियो किती लांब?

दोन शहरांमधलं अंतर काही बदलत नाही, असं आपण शाळेपासून धरून चालतो. हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर. १९६० सालीही तेवढंच, आजही तेवढंच. पण वेळ किती लागतो म्हणाल, तर आधी साल सांगा!

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. जवळजवळ सगळा दोरा रशियावरून, म्हणजे सैबेरियावरून जातो. आणि खरी गोम तिथेच आहे.

शीतयुद्धात हे आकाश पाश्चात्य विमानांना जवळपास बंदच होतं. १९७० नंतर काही कंपन्यांना परवानगी मिळाली, पण मॉस्कोला उतरून. बाकीच्यांचा रस्ता अलास्कातल्या अँकरेजवरून. १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–अँकरेज–टोकियो अशी सेवा सुरू केली. इंधन भरेपर्यंत प्रवासी विमानतळावर पाय मोकळे करायचे. तिथल्या दुकानातली गरम उदोन (जाड शेवयांचं सूप) जपानी प्रवाशांच्या आठवणीत कायमची राहिली.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने जादा इंधनाची टाकी बसवलेलं डीसी-१० वापरून हेलसिंकी–टोकियो थेट उड्डाण सुरू केलं. उत्तर ध्रुवावरून, रशियाला वळसा घालून, सुमारे तेरा तास.

हा वळसा चुकला तर काय होतं, ते त्याच वर्षी १ सप्टेंबरला जगाने पाहिलं. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सखालिनजवळ पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेने जाहीर केलं, की तयार होत असलेली जीपीएस यंत्रणा नागरी विमानांनाही मोफत वापरता येईल. आज रिक्षावाल्याच्या मोबाईलवर जी वाट दिसते, तिच्यामागे ही गोष्टही आहे.

पुढे सोव्हिएत संघ गेला, सैबेरियाचं आकाश खुलं झालं आणि प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. हेलसिंकी म्हणजे आशियाला जायचा जवळचा रस्ता, यावर फिनएअरने आपला धंदाच उभा केला.

आणि मग फेब्रुवारी २०२२. युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानेही तेच केलं. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून उडू लागलं. वेळ? सुमारे तेरा तास. बरोबर १९८३ इतका!

मधल्या चाळीस वर्षांत विमानं किती सुधारली, पण हे तीन तास कुठल्याही इंजिनाने वाचवले नव्हते. ते दोन बाजूंच्या माणसांनी एकमेकांना दिले होते, आणि परत घेतले.

पुढच्या वेळी विमानात समोरच्या पडद्यावरची रेघ उगाचच वाकडी गेलेली दिसली, तर ती कुठला देश टाळतेय ते जरूर बघा.