अबकारी परवाने, नंदुरबार जिल्ह्यातील
मद्याचे गाळप, साठवण व विक्री यांसाठी शासनाने दिलेल्या अनुज्ञप्तींचा नंदुरबार परिसरातील इतिहास. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश खानदेशात व १९०६ नंतर पश्चिम खानदेशात मोडत असे.

सातपुड्यातील व नवापूरकडील भिल्ल, पावरा, मावची इ. आदिवासींच्या जीवनात मोहाला मोठे स्थान आहे. वसंतात गळणारी फुले वेचून वाळवितात. ती खाण्यास उपयोगी पडतात व आंबवून त्यांची दारू गाळतात. देवकार्य, लग्न व मर्तिक यांत ती लागते.

मुंबई अबकारी अधिनियमाने (१८७८) परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा ठरला. गाळपाचे हक्क मक्तेदारांकडे व विक्री परवानाधारक दुकानांकडे गेली. घरी विनामूल्य मिळणारी वस्तू त्यामुळे रोखीने किंवा उधारीने विकत घ्यावी लागली. शासनाचा महसूल वाढला, तसा आदिवासींचा कर्जबाजारीपणाही वाढला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी केलेल्या १८९२ च्या कायद्याने तर मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले.

या व्यवस्थेला आदिवासींनी दिलेले प्रभावी उत्तर म्हणजे मद्यत्याग. १९२२ मधील देवी चळवळीत दक्षिण गुजरात व लगतच्या प्रदेशातील हजारो आदिवासींनी दारू व ताडी सोडून दुकानांवर बहिष्कार घातला. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात गुला महाराज यांनी दारूबंदी व स्वच्छता यांचा प्रसार केला. ग्राहकच उरला नाही, तर परवान्याला मोल राहत नाही, हे या चळवळींनी दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम (१९४९) अंमलात आला. पुढे महाराष्ट्रात दारूबंदी शिथिल झाली व १९७३ च्या नियमांनुसार देशी मद्याच्या किरकोळ विक्रीस परवाने मिळू लागले. शेजारच्या गुजरातेत मात्र दारूबंदी कायम राहिली. त्यामुळे सीमेवरील या जिल्ह्यात चोरट्या वाहतुकीचा प्रश्न उद्भवला.

अनुसूचित क्षेत्रांसंबंधीच्या १९९६ च्या पंचायत अधिनियमाने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद केली. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे व नवापूर हे तालुके या क्षेत्रात येतात. राज्याच्या २००८ च्या आदेशाने मतदानाद्वारे दुकान बंद करविण्याचा मार्गही खुला झाला. २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठले. घरगुती गाळप मात्र परवान्याच्या कक्षेतच राहिले. परवाना कोणी द्यावा, याबरोबरच तो नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हाही या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.