खोडदच्या दुर्बिणीच्या गाळण्या

मावळ म्हटले की आज लोणावळाच आठवतो. जुनी मोजणी मात्र पुण्याखालचे बारा मावळ आणि जुन्नरखालचे बारा मावळ अशी आहे. लोणावळ्याच्या बाजूने रेल्वे गेली, १९२९ पासून तिथे विजेच्या गाड्या धावू लागल्या, पुढे महामार्ग रुंदावला. आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकू पाहणाऱ्याला ती जागा मानवली नसती. डॉ. गोविंद स्वरूप यांची महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, उभी राहिली ती जुन्नरच्या बाजूला, नारायणगावजवळ खोडदला. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटाचा अभाव हे त्या जागेचे मोठे गुण होते.

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बिणीचे लोकार्पण झाले आणि नेमक्या त्याच दशकात मोबाइलचे मनोरे गावोगाव पोचले. ज्या शांततेसाठी जागा निवडली, तीच विरळ होऊ लागली.

यावरचा पहिला उपाय गाळणी, म्हणजे फिल्टर. मूळ दुर्बिणीत १००० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे चार भाग केले होते: १०६०, ११७०, १२८० आणि १३९० मेगाहर्ट्झ मध्य धरून, प्रत्येकी १२० मेगाहर्ट्झ रुंद. कोणती गाळणी वाटेत आणायची हे इलेक्ट्रॉनिक स्विच ठरवतो.

खरी मेख इथे आहे. गाळणीच्या आधी बसलेल्या स्विचवर सगळा गोंगाट न गाळता आदळतो. स्विच अर्धवाहकाचा असल्याने पूर्णपणे रेषीय नसतो, म्हणजे दुप्पट घातले तर अगदी दुप्पटच बाहेर पडेल असे नाही. अशा वेळी दोन परके संकेत मिसळून तिसराच जन्माला येतो. समजा एका मनोऱ्याचा संकेत ८८० मेगाहर्ट्झवर आणि दुसऱ्याचा ९५० वर आहे. ८८० ची दुप्पट वजा ९५० म्हणजे ८१०. सुधारित जीएमआरटीचा एक पट्टा ५५० ते ८५० चा आहे, तेव्हा हे भूत थेट घरातच अवतरले! पुढची गाळणी त्याला अडवत नाही. तिच्या लेखी ते घरचेच. मनोऱ्यांचे संकेत दहापट बळावले तर भूत हजारपट बळावते.

म्हणून मंडल बांधण्याआधी संगणकावर त्याचे अनुकरण करून पाहतात. बर्कलीत १९७३ च्या सुमारास घडलेला ‘स्पाइस’ हा प्रोग्राम या परंपरेचा मूळपुरुष. पण तो डोळे झाकून वापरला तर फसवतो. स्विचचे मोजमाप दुबळ्या संकेतावर घेऊन तेच आकडे संगणकाला दिले, तर त्यांत वाकडेपणाची नोंदच नसते. उत्तर येते की स्विच निर्दोष आहे. पिन डायोडच्या मधल्या थरात साठणारा विद्युत्भार डायोडच्या साध्या प्रतिमानात नीट उतरत नाही. शिवाय स्पाइसची नेहमीची सापेक्ष अचूकता हजारात एक भाग, आणि शोधायचे भूत मूळ संकेताच्या लाखाव्या भागाइतके असू शकते. ते आकडेमोडीच्याच खरखरीत बुडते. अचूकता वाढवावी लागते, किंवा काळाऐवजी थेट कंप्रतांमध्येच समीकरणे सोडवणारी ‘हार्मोनिक बॅलन्स’ पद्धत घ्यावी लागते. बंद ठेवलेल्या फाट्यांवरचे स्विचही हिशेबात धरावे लागतात. माझ्या मते सर्वांत सहज विसरली जाणारी गोष्ट हीच.

एवढी काटेकोरी का, ते खगोलशास्त्राच्या एककावरून कळते. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झमागे, दहाचा उणे सव्विसावा घात इतके वॅट. खोडदला मोजले जाणारे कित्येक स्रोत त्याच्याही हजाराव्या भागाचे असतात.