हेडर फाइल सापडत नाही तेव्हा

लिनक्सवर विनातक्रार कंपाइल होणारी सी भाषेतील आज्ञावली मॅकवर किंवा फ्रीबीएसडीवर नेली की पुष्कळदा पहिल्याच पायरीवर अडते. अमुक हेडर फाइल सापडली नाही, असा संदेश येतो आणि कंपायलर थांबतो. वृत्तपत्राच्या कचेरीत हेडर म्हणजे मथळा. येथे मात्र ती फंक्शने, स्ट्रक्चर आणि स्थिरांक यांची यादी असते. प्रत्यक्ष काम करणारा कोड लायब्ररीत असतो. त्याला कसे बोलवायचे, एवढेच हेडर सांगते.

संदेश एकच दिसला तरी कारणे भिन्न असतात, आणि कारण न ओळखता केलेला उपाय बहुधा वाया जातो.

सर्वांत साधे कारण म्हणजे फाइल संगणकावर बसवलेलीच नसणे. डेबियन व उबुंटूमध्ये लायब्ररी आणि तिच्या हेडर फाइली वेगवेगळ्या पॅकेजांत येतात. त्यामुळे ओपनएसएसएल वापरणारे कार्यक्रम चालत असूनही नवा कार्यक्रम कंपाइल होत नाही. त्यासाठी ‘लिबएसएसएल-डेव्ह’ हे पॅकेज लागते; फेडोरात त्याचेच नाव ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’ आहे. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे, हे डेबियनवर ‘एपीटी-फाइल’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ सांगते. मॅकवर २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून ‘यूएसआर/इन्क्लूड’ हा परिचित फोल्डरच मिळत नाही. तेथे ‘एक्सकोड-सिलेक्ट’ या आज्ञेने कमांड लाइन टूल्स बसवावी लागतात.

कधी फाइल असते, पण कंपायलर तेथे पाहत नाही. फ्रीबीएसडीवर बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांची हेडर ‘यूएसआर/लोकल/इन्क्लूड’मध्ये, तर अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये होमब्रूची हेडर ‘ऑप्ट/होमब्रू’खाली राहतात. उणे चिन्हापुढे कॅपिटल ‘आय’ लिहून तो मार्ग कंपायलरला द्यावा. शक्य असेल तेथे ‘पीकेजी-कॉन्फिग’कडून तो मिळवावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही.

खरा गुंता तिसऱ्या प्रकारात आहे: ती फाइल त्या प्रणालीत नसणेच योग्य असते. ‘मॅलॉक डॉट एच’ हे त्याचे जुने उदाहरण. मॅलॉक फंक्शन प्रमाण सी भाषेनुसार ‘एसटीडीलिब डॉट एच’मध्ये घोषित आहे, म्हणून जुने नाव बदलले की काम होते. ‘सिस/सिसकंट्रोल डॉट एच’ची गोष्ट वेगळी. फ्रीबीएसडी व मॅकवर ती आवश्यक आहे, पण जीलिबसीने २०२०च्या २.३२ आवृत्तीत ती काढून टाकली. बाइटक्रमाच्या फंक्शनांसाठी लिनक्सवर ‘एंडियन डॉट एच’, तर फ्रीबीएसडीवर ‘सिस/एंडियन डॉट एच’ लिहिण्याची रीत होती. पॉझिक्स प्रमाणात पहिले नाव २०२४ साली आले. अशा ठिकाणी प्रणालीनुसार पर्याय निवडणारी अट कोडमध्येच घालावी लागते. ऑटोकॉन्फ त्यासाठी आधी तपासणी करून ठेवते. सी२३ प्रमाणात तर हेडर आहे का, हे प्रीप्रोसेसरलाच विचारता येते.

ऑटोकॉन्फच्या ‘नाही’ या उत्तरावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फाइल असूनही चाचणीचा तुकडा अन्य कारणाने कंपाइल न झाल्यास हेच उत्तर मिळते. काही प्रणालींवर ‘नेट/इफ डॉट एच’च्या आधी ‘सिस/सॉकेट डॉट एच’ घ्यावी लागते, ती राहून गेलेली असते. मूळ त्रुटी ‘कॉन्फिग डॉट लॉग’मध्ये शब्दशः नोंदलेली सापडते. ही नोंदवही उघडण्याचा कंटाळा अनेकांचे तास खातो.

दोन पळवाटा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. दुसऱ्या प्रणालीवरून हेडर उचलून आणल्यास स्ट्रक्चरमधील घटकांचा क्रम वा आकार जुळत नाही. कार्यक्रम कंपाइल होतो आणि चालताना चुकीची माहिती वाचतो. समावेशाची ओळच पुसून टाकल्यास जुने कंपायलर अघोषित फंक्शन पूर्णांक देते असे गृहीत धरत. ६४ बिटांच्या यंत्रावर त्यामुळे पॉइंटरचा अर्धा भाग गळून जाई आणि कार्यक्रम भलत्याच ठिकाणी कोसळे. जीसीसीच्या १४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४पासून, असे अघोषित फंक्शन केवळ इशाऱ्यावर सुटत नाही, त्रुटीच ठरते.