पंचेंद्रियांची बाग आणि वर्धेकाठचा वारसा

ज्या बागेत मूल झाडे नुसती पाहत नाही, तर पाने चुरगाळून वास घेते, खोडावरून हात फिरवते, वाळलेल्या शेंगांचा खुळखुळाट ऐकते आणि अंबाडीचे आंबट पान चाखते, तिला पंचेंद्रियांची बाग म्हणता येईल. प्राथमिक शाळेतील अशा बागेची कल्पना नवी वाटली, तरी तिच्यामागे तीन जुने प्रवाह आहेत: इंद्रियशिक्षण, श्रमातून शिक्षण आणि शाळेची परसबाग. यांतील दुसरा प्रवाह यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यापासून जवळच, वर्धा नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात उगम पावला.

पहिला प्रवाह युरोपातून आला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल याने 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली. पुढे त्याने तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा आणि सर्वांची सामायिक बाग अशी रचना होती. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि स्पर्श, रंग, ध्वनी, गंध यांच्या शिक्षणाला पद्धतशीर रूप दिले.

महाराष्ट्रात हा विचार बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी रुजवला. अमरावतीत काही काळ राहिलेल्या ताराबाई पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीची साधने महाग होती आणि खेड्यांना ती परवडणारी नव्हती. 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केल्यावर ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंतून साधने घडवली. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये हे काम वाढले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या भूमिकेतून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. परिसर हेच शैक्षणिक साहित्य होऊ शकते, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

दुसरा प्रवाह वर्ध्याचा. ऑक्टोबर 1937 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सर्व विषय गुंफावेत, हे तिचे सूत्र होते. झाकीर हुसेन समितीने त्यावर आराखडा तयार केला आणि 1938 मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शाळेत सूतकताईबरोबर शेती आणि भाजीपाल्याचे काम अभ्यासाचा भाग बनले. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. याच काळात पंडित रविशंकर शुक्ल यांनी प्रांतात विद्यामंदिर योजना मांडली. जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवावी, असा तिचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर वर्ध्याच्या सूत्रावरच्या या ‘बुनियादी’ शाळा मागे पडल्या. 1964–66 च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला, पण परीक्षेच्या विषयांपुढे तो दुय्यमच राहिला. सेवाग्रामला 2005 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेतीकामातून शिकण्याची परंपरा पुढे चालू आहे.

तिसरा प्रवाह परसबागेचा, म्हणजेच पोषणाचा. केंद्राची मध्यान्ह भोजन योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळांतून शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. 2019 मध्ये केंद्राने शाळांतील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. मेथी, पालक, वांगी, शेवगा यांचे वाफे त्यामुळे अनेक जिल्हा परिषद शाळांच्या आवारात आले. मात्र परसबागेचे मोजमाप बहुधा भाजीच्या उत्पादनावर होते. त्याच वाफ्यात मुलाने काय हुंगले, काय ओळखले, याला स्थान मिळाले तरच ती पंचेंद्रियांची बाग होते.

मारेगाव तालुक्याला अशा बागेची सामग्री बाहेरून आणावी लागत नाही. काळ्या जमिनीत कपाशी, तूर, सोयाबीन पिकते. पानझडी जंगलात साग, मोह, पळस, तेंदू, बेहडा आहेत. सागाचे खरखरीत पान आणि कपाशीच्या बोंडातला मऊ कापूस स्पर्शाचा फरक शिकवतात. तुळस, गवती चहा, कढीपत्ता गंधासाठी, चिंच आणि आवळा चवीसाठी, पळस आणि झेंडू रंगासाठी, बांबूचे बेट आवाजासाठी उपयोगी पडते. लाजाळू तर मुलांचे कुतूहल हमखास जागवते. तालुक्यातील कोलाम आणि गोंड मुलांना ही झाडे घरची म्हणून ठाऊक असतात. कोलामी किंवा गोंडीतील नाव सांगत ती मराठी नाव शिकतात, तेव्हा ओळखीच्या झाडाच्या आधाराने नवी भाषा सोपी होते. दृष्टिबाधित मुलालाही येथे इतरांच्या बरोबरीने शिकता येते, कारण गंध आणि स्पर्श हेच बागेचे मुख्य पाठ असतात.

उभारणीत तीन बाबी सांभाळाव्या लागतात. पहिली पाण्याची. येथील उन्हाळा कडक असतो आणि सुट्टीत बाग वाळते. म्हणून लागवड पहिल्या पावसानंतर करावी, काटक बहुवर्षायू झाडांना प्राधान्य द्यावे आणि हात व भाजी धुतलेले पाणी वाफ्यांकडे वळवावे. दुसरी विषारी झाडांची. कण्हेर, धोतरा, रुई, एरंड आणि चंद्रज्योत शाळेच्या बागेत नसावीत. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा होते. तिसरी फवारणीची. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. जिथे मुले पान तोंडात घालतात, तिथे रासायनिक कीटकनाशक वापरू नये, आणि शिक्षकांनी दाखवलेलेच पान चाखायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बागेला जमीन आणि रोपांपेक्षा अधिक कमी पडली ती अभ्यासातील जागा. तिसरी ते पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’ विषयाचे अनेक पाठ बागेतच शिकवता येतात. मारेगावच्या शाळांनी वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका बागेसाठी राखली, तर ताराबाईंचे इंद्रियशिक्षण आणि वर्ध्याचे श्रमशिक्षण एकाच वाफ्यात उभे राहील. शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या पावसाळ्यातच त्याची सुरुवात करावी.